त्यातल्या त्यात बरी

ता. ९ ऑक्टोबर १९७२, सोमवार. आभाळ स्वच्छ, ढग कुठेच नाही. वारा कोरडा. दुपारनंतर धूळ.

मी लाल-निळी पेन्सिल बोलतेय. आधी तारीख आणि हवामान लिहायचं ही सवय मूळची माझी नाही, राधाकृष्ण सरांची आहे. पण रोज एकाच माणसाच्या बोटांत राहिलं की त्याच्या सवयी लाकडात मुरतात.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. अर्ध्या अंगात लाल कांडी, अर्ध्या अंगात निळी. तिथून मी राहात्याच्या बाजारपेठेत सहादेव दुकानदाराच्या काचेच्या बरणीत आले. सहादेवला प्रत्येक मालाची एकच तारीफ येत असे. दौत असो, दोरा असो, गिऱ्हाइकाला सांगायचा, "ही सगळ्यात भारी बघा." एका बरणीत आम्ही दहाबारा जणी एकसारख्या, आणि सगळ्याच सगळ्यात भारी! गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि त्यातली कुठलीही उचलायचं.

राधाकृष्ण सरांनी मात्र मला उचलून विचारलं होतं, "कशापेक्षा भारी?"

सहादेव हसला. "मास्तर, तुम्ही घेऊन जा हो. गिऱ्हाइकी खोळंबलीय."

सर हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. माझी दोन टोकं त्यांनी वेगवेगळ्या कामाला लावली. चूक असेल तिथे लाल, आणि चूक नाही पण पुन्हा विचार करायला हवा तिथे निळं. लाल टोक रोज अर्ध्या ब्लेडने तासावं लागे. निळ्याला क्वचित काम पडे. माणसं चुका पुष्कळ करतात, पण विचार करायला सांगावं असं लिहिणारी थोडी.

मुलांच्या वह्यांत एक चूक पिढ्यान्‌पिढ्या भेटत होती. मराठीत आपण 'जास्त चांगला' म्हणतो, म्हणून मुलं इंग्रजीत 'मोर बेटर' लिहायची. सर 'मोर' खोडायचे आणि वर्गात म्हणायचे, "बाळांनो, 'बेटर'च्या पोटात 'जास्त' आधीच बसलेलं आहे. टोपीवर पागोटं घालू नका." वर्ग हसायचा, आणि दुसऱ्या दिवशी पागोटी पुन्हा हजर.

तर त्या सोमवारी गोरक्ष आला. तो सरांचा जुना विद्यार्थी. त्याचे आईवडील पाथर्डीकडचे, कोरडवाहू शेतकरी. दरवर्षी ऊसतोडीला इकडे येत आणि कारखान्याजवळ पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, घालून राहत. त्या कोपीतून गोरक्ष आमच्या शाळेत यायचा. आता तो शेतीच्या एम.एस्सी.ला होता. त्याने बाजरीवर इंग्रजीत प्रबंध लिहिला होता आणि तो एकदा परत आला होता. 'भाषा सुधारा, निष्कर्ष ठाम लिहा,' असा शेरा होता. पुन्हा परत आला तर तिसरी संधी नव्हती. कॉलेजात संशोधन सहायकाची एक जागा निघाली होती. ती हुकली तर त्याच्यापुढे कोयताच होता.

बरोबर वडील गहिनीनाथ आणि आई लंकाबाई होती. यंदा पाऊस नाही म्हणून दोघं लवकरच आली होती. ओट्यावर सतरंजी टाकली. सरांनी मला हातात घेतलं.

पहिल्या पानांवर लाल टोकाने भरपूर काम केलं. 'मोर हायर' झालं, 'मोस्ट बेस्ट' झालं. मग शेवटचं पान आलं. त्यावर टाइप केलेलं होतं की, संकरित बाजरी हे कोरडवाहू भागासाठी बेस्ट वाण आहे.

सर थांबले. "किती वाणांची तुलना केलीस?"

"दोन. गावरान आणि संकरित."

"दोनच असतील तर 'बेस्ट' कसं? 'बेस्ट'ला निदान तिसरा लागतो. दोघांत 'बेटर'."

लाल टोकाने 'बेस्ट' कापलं. गोरक्षचा चेहरा उतरला. "सर, शेरा वाचला ना? निष्कर्ष ठाम हवा म्हणतात. 'बेटर' लई मिळमिळीत वाटतं."

"बरं, 'बेटर' म्हणजे कशात?"

"उताऱ्यात. दाणा जास्त पडला."

"रोगात?"

गोरक्षने खाली पाहिलं. "गोसावी संकरितवर जास्त आला."

बाजरीच्या कणसात दाणे भरायच्या जागी पानांच्या जटा सुटतात, त्या रोगाला इकडे गोसावी म्हणतात.

"मग खरं सांग," सर म्हणाले, "तुझी संकरित बाजरी कशी आली?"

"त्यातल्या त्यात बरी."

"हे इंग्रजीत लिही."

गोरक्षने पुष्कळ विचार करून कागदावर उतरवलं, 'गुड इन दॅट इन दॅट.' सरांना एवढं हसू आलं की मी त्यांच्या बोटांतून निसटून सतरंजीवर पडले. गोरक्षही हसला.

गहिनीनाथांना हे पटत नव्हतं. "गुरुजी, ते पयलं हुतं तेच ऱ्हाऊ द्या. बेष्ट. सोयरिकीला गेल्यावर पोरगी त्यातल्या त्यात बरी हाय, असं कुनी सांगतंय व्हय?"

"माझ्या वक्ताला तुमच्या सासऱ्यांनी तसंच सांगितलं हुतं की," लंकाबाई पदरात हसत म्हणाली. "माझ्या बापानं. भाऊबंदांत बसून."

"म्हनून तर मी आधी न्हाई म्हनलो हुतो."

"मंग आलात कशाला वऱ्हाड घिऊन?"

सगळे हसले. मग गहिनीनाथ एकदम गंभीर झाले. "बरं गोरख, एक सांग. तुझ्या त्या कागदावर बेष्ट लिव्हलं, म्हंजी ती बाजरी एक लंबर. व्हय ना?"

"व्हय, दादा."

"मंग घरी राखंत घालून ठिवलेलं गावरान बियानं राखायचं कशाला? औंदा खायला दाना न्हाई. दळून खाऊ. फुडल्या साली तुझीच बाजरी आनू. गावात बी सांगतो समद्यांना, माझ्या लेकानं लिव्हलंय म्हनून."

लंकाबाई लेकाकडे पाहत होती. गोरक्ष त्या कापलेल्या शब्दाकडे पाहत होता.

"दादा, बियानं खाऊ नका," तो म्हणाला.

"का रं? बेष्ट हाय ना?"

"एकाच साली पेरून बघितलीय मी. गोसावी वाढला तर हातात काईच ऱ्हायचं न्हाई."

"मंग लिव्हलं कशाला तसं?"

गोरक्षने कागद जवळ ओढला. सरांनी मला त्याच्यापुढे धरलं, निळं टोक त्याच्याकडे करून. "मी सुचवणार नाही. 'बेटर' व्याकरणात बसतं, पण मराठीत तू जे बोललास ते त्यात सगळं मावत नाही. प्रबंध तुझा आहे, नोकरी तुझी आहे. तू ठरव."

गोरक्षने मला घेतलं. त्याने निळ्या टोकाने हळूहळू लिहिलं. त्या वाक्याचा मराठीत अर्थ असा होता: कमी पावसाच्या एका हंगामात, या दोन वाणांपैकी संकरित वाणाचा उतारा गावरानपेक्षा जास्त होता, आणि त्यावरचा गोसावीही गावरानपेक्षा जास्त होता. दोन्हींकडे त्याने 'दॅन' लिहून कशापेक्षा ते सांगितलं. 'बेस्ट' नव्हतं, 'बेटर'ही नव्हतं.

सरांनी वाचलं. कुठेही खूण केली नाही.

"हे ठाम हाय का, गुरुजी?" लंकाबाईने विचारलं.

"मला वाटतं, आहे. परीक्षकाला काय वाटेल ते सांगता येत नाही."

गोरक्षने कागद गोळा केले. जाताना गहिनीनाथ पायरीवर थांबून म्हणाले, "एवढं शिकून लेकाला एक बेष्ट लिव्हता येईना." पण लंकाबाईला ते हेही म्हणाले की, गावाकडे निरोप धाडू, बियाण्याच्या मडक्याला कुणी हात लावू नका म्हणून. तीही म्हणाली, "व्हय, उद्याच धाडू."

आता माझं सांगायचं तर मी फार उरले नाही. बोटांत नीट धरता येत नाही, म्हणून सर मला रिकाम्या पेनच्या टोपणात खोचून वापरतात. माझी तक्रार नाही. वाचणाऱ्यांना एवढीच विनंती आहे की, कुणाला मोठं, लहान, हुशार, ढ म्हणाल तेव्हा कशापेक्षा आणि कशात, तेवढं पुढे जोडा. ते जोडताना हात जरा थांबतो. तेवढ्यासाठीच मी झिजले. येते आता.

ता. १७ एप्रिल १९७३, मंगळवार. ऊन कडक, वारा पडलेला. सकाळी गोरक्षचं पत्र आलं. प्रबंध मंजूर, वर्ग दुसरा. संशोधन सहायकाच्या जागेला पहिला वर्ग हवा होता, ती दुसऱ्या उमेदवाराला मिळाली. गोरक्षला पाथर्डी तालुक्यातल्या एका हायस्कुलात शेतीचा शिक्षक म्हणून जूनपासून नेमणूक मिळाली आहे.