दर पाच मिनिटांनी दहा सेकंद

सिंधुबाई हरवल्या त्या दिवशी पोलीस चौकीत रंगनाथ पगारांना पहिलाच प्रश्न विचारला गेला, "साडी कुठल्या रंगाची होती?" आणि त्यांना उत्तर देता आलं नाही. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात तीस वर्षं फिटर म्हणून काढलेला माणूस. कुठल्या पंपाचा आवाज बदललाय ते नुसतं ऐकून सांगायचे. सकाळपासून बायको समोर वावरत होती, तिची साडी मात्र आठवेना. शेवटी सोबत आलेल्या शेजारच्या सावित्रीबाई म्हणाल्या, "मोरपंखी होती. बारीक काठाची."

२००८ सालचा जानेवारी होता. दोन वर्षांपासून सिंधुबाईंना विसर पडायला लागला होता. आधी डाळीत मीठ, मग माणसांची नावं, मग स्वतःचं घर. त्या दिवशी नाशिकरोडच्या बाजारात रंगनाथांनी त्यांना औषधाच्या दुकानासमोरच्या बाकावर बसवलं आणि ते मेथी घ्यायला गेले. पाच मिनिटांत परतले तर बाक रिकामा.

चौथ्या दिवशी हवालदार म्हणाला, "बिटको चौकात तो नवा एलईडीचा फलक लागलाय ना, त्यावर हरवलेल्या माणसाचा फोटो फुकट लावतात. परवान्यातच तशी अट आहे. माझं पत्र घेऊन जा."

फलक चालवायची खोली समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होती. एक कॉम्प्युटर, दोन खुर्च्या आणि योगिनी नावाची पंचविशीची मुलगी. दिवसभर एकटीच बसायची. भिंतीवर परवान्याच्या अटींचा कागद चिकटवलेला. तिने पत्र वाचलं आणि त्या कागदाकडे बोट दाखवत सगळं नीट समजावून सांगितलं.

"काका, चित्र हलायला नको अशी अट आहे. गाडी चालवणाऱ्यांचं लक्ष जातं म्हणून. एक चित्र दहा सेकंद जसंच्या तसं ठेवायचं, मग दुसरं. अंधार पडला की उजेड कमी करायचा. आणि तीस चित्रांतलं एक लोकांच्या कामाचं. पाणी बंद, पोलिओ, हरवलेली माणसं. एका वेळी एकच माणूस, सात दिवस."

"म्हणजे किती वेळाने दिसेल ती?"

"दर पाच मिनिटांनी. दहा सेकंद."

फोटो निफाडला पुतण्याच्या लग्नात काढलेला होता. सिंधुबाई कशाला तरी हसत होत्या आणि बाजूला कुणाचातरी खांदा दिसत होता. योगिनीने फोटो पडद्यावर घेतला. "हा खांदा काढून टाकू का? चेहरा मोठा दिसेल."

"माझाच आहे तो," रंगनाथ म्हणाले. "काढ."

संध्याकाळी ते चौकात उभे राहिले. साड्यांची जाहिरात गेली, बँकेची गेली, क्लासची गेली, आणि एकदम दहा फुटांच्या सिंधुबाई रस्त्यावर हसल्या. सिग्नलला थांबलेल्या दोन-तीन स्कूटरवाल्यांनी वर पाहिलं. डाव्या भुवईत एक पांढरा केस होता. रंगनाथांनी तो कधी पाहिला नव्हता. नीट पाहावा म्हणून ते पुढे सरकले तेवढ्यात चित्र बदललं. मग ते पुढची पाच मिनिटं थांबले. मग आणखी पाच.

तेव्हापासून रोज सहा ते आठ ते तिथेच असायचे. घरी जाऊन तरी काय करायचं होतं? पुण्याचा मुलगा रात्री फोन करायचा, "काही कळलं का?" नाही म्हटलं की जेवून घ्या म्हणून फोन ठेवायचा.

फोटो पाहून एकच फोन आला, देवळालीहून. एका देवळाच्या पायरीवर अशीच बाई बसलीय म्हणून. रंगनाथ रिक्षा करून गेले. बाई म्हातारी होती, पण सिंधुबाई नव्हती. त्यांना पाहून तिने विचारलं, "न्यायला आलास का?" ते नाही म्हणाले. कोपऱ्यावरून डझनभर केळी आणून तिच्यापुढे ठेवली आणि परत फिरले.

सात दिवस संपल्यावर हवालदाराने आणखी एक पत्र दिलं. "दोनदाच देता येतं हां," तो म्हणाला. दुसऱ्या आठवड्याच्या पाचव्या दिवशी योगिनीने खिडकीतून हाक मारून त्यांना वर बोलावलं.

"काका, नवीन पत्र आलंय. सात वर्षांची मुलगी आहे. आईबाप सुरगाण्याकडचे, द्राक्षाच्या कामाला आलेत. बसस्टँडवर चुकामूक झाली." तिने भिंतीवरच्या अटींकडे पाहिलं. "तुमचे दोन दिवस बाकी आहेत. नियमाने हिला थांबायला सांगता येतं."

आश्रमशाळेतला फोटो होता. चापून तेल लावलेले केस, डावा कान जरा पुढे आलेला, तोंडावर हसू.

"थांबायला कशाला सांगतेस?"

"दोघींचे आलटून पालटून लावले असते, पण..."

"एका वेळी एकच. माहितेय मला," रंगनाथ म्हणाले. "लाव तिचा."

ते जिना उतरले. मग घरी न जाता सवयीने चौकात आले.

तिथे खांबाला टेकून एक काटकुळा माणूस फलकाकडे बघत होता. साड्यांची जाहिरात आली, गेली. तो रंगनाथांना म्हणाला, "बाबा, माझ्या पोरीचा फोटू लावला म्हनले. मला तर नाय दिसला. काढला का काय?"

"नाही काढला. तो निळा बँकवाला येऊ दे. मग क्लासची जाहिरात. त्याच्यामागून तुझी पोरगी."

दोघं थांबले. मुलगी आली. माणसाने दोन्ही हात तोंडावर धरले. चित्र गेलं तसा तो घाबरून वळला. "गेली की वो!"

"येईल परत. पाच मिनिटं लागतात. बस इथे."

त्याचं नाव मंगळू. मुलीचं नाव मीना. सकाळी तो आणि बायको गावभर शोधायचे, संध्याकाळी बायको बसस्टँडवर बसायची आणि तो इथे यायचा. रंगनाथ त्याला चहा पाजायचे. मंगळूने दुसऱ्या दिवशी विचारलं, "तुमचं कोन हाय?"

"बायको. कालपर्यंत तिथेच होती."

मंगळूने फलकाकडे पाहिलं. मग त्याने मान खाली घातली. "आमच्यापायी काढली?"

"तिच्याकडे पाहून झालं होतं लोकांचं," रंगनाथ म्हणाले. "ते बघ, क्लास आला. वर बघ."

पाचव्या दिवशी मीना सापडली. सिन्नरकडच्या एका बाईने रडती पोर घरी नेऊन ठेवली होती. त्या बाईच्या भावाने नाशिकरोडला फलक पाहिला. मंगळू धावत चौकात आला, रंगनाथांच्या पाया पडला आणि आपल्या गावाचं नाव तीन-तीनदा सांगून धावतच गेला. त्या संध्याकाळी साड्या, बँक, क्लास आणि मग पोलिओचा डोस. रंगनाथ आठपर्यंत उभे होते.

सिंधुबाईंचे उरलेले दोन दिवस योगिनीने आठवणीने दिले. मग तेही संपले. "काका, मी पुढेही लावला असता," ती म्हणाली, "पण तपासायला माणूस येतो." ते म्हणाले, "नको. तुझी नोकरी सांभाळ."

सिंधुबाई सापडल्या नाहीत. मनमाड, येवला, शिर्डी, जिथून निरोप आला तिथे रंगनाथ जाऊन आले. मुलगा पुण्याला चला म्हणून मागे लागला, ते गेले नाहीत. ती परत आली तर पुण्याचं घर तिला कसं सापडणार?

पुढच्या वर्षी होळीच्या आधी मंगळूचा निरोप आला, म्हणून ते एसटीने सुरगाण्याकडे गेले. गाव थोड्या घरांचं. मंगळूच्या बायकोने नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी वाढली. जेवताना दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. केस मोकळे होते, चेहरा जरा लांबट झाला होता. तरी तो पुढे आलेला कान त्यांनी लगेच ओळखला. हसताना उजवीकडची जिवणी जरा जास्त वर जाते, हेही त्यांना ठाऊक होतं. चार संध्याकाळी ते तिच्याकडेच बघत होते.

"मीना, ये," ते म्हणाले.

मुलीने बापाकडे पाहिलं आणि विचारलं, "हे कोन?"

मंगळू सांगू लागला, पण तिचं लक्ष नव्हतं. बाहेर पोरी तिला हाका मारत होत्या. ती पळाली. रंगनाथांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि परतीची एसटी किती वाजता आहे ते विचारलं.