कटोऱ्याचा आवाज

"ओत ते मासे बाहेर," सिल्वेरियो म्हणाला. आटत्या ओढ्यात होडी पुन्हा वाळूत रुतली होती.

"या डबक्यात?" दाल्वा अंगावर गोधडी घेऊन होडीत टेकून बसली होती, मांडीशी माशांचा टब. "उद्या आटेल हे. मरतील ते."

"तुझं काय होतंय ते बघ आधी!"

"ओढ की म्हाताऱ्या. बोलण्यात दम घालवू नकोस."

दाल्वाचा ताप उतरत नव्हता. दुपारी मोठ्या नदीवरून अमारोची लाँच मासे घेऊन शहराकडे जाणार होती. तिला दवाखान्यात पोचवायचं तर तेवढीच सोय होती. नदी इतकी उतरली होती, की यानंतर लाँच पावसाळ्यापर्यंत फिरकणार नव्हती.

टबात होते बोटाच्या पेराएवढे, लाल-निळे कार्डिनल मासे, शहरात काचेच्या पेटीत शोभेला ठेवायला जिवंत विकले जाणारे. पुरात बुडालेल्या रानात, कुजक्या पानांच्या काळ्या पाण्यात राहणारे. ताप यायच्या आधी दाल्वानंच जाळीनं उचललेले. आमच्याकडे होडीत बसलेल्यानं टबातलं पाणी बदलत राहायचं, कटोऱ्यानं थोडं काढायचं, थोडं नवं ओतायचं. तापातही तिचं तेच चाललं होतं. टबाच्या वजनानं होडी रुतते हे सिल्वेरियोला कळत होतं. पण बायकोला नाही म्हणणं त्याला कधी जमलंच नाही, आणि त्या दिवशी ते जमायला हवं होतं.

दोर खांद्यावर घेऊन तो पुढे ओढत होता. मागून कटोऱ्याचा आवाज येई, म्हणजे ती ठीक. आवाज थांबला की तो ओरडे, "झोपलीस का गं?"

"तुझ्या बडबडीत कोण झोपतंय, मेल्या!"

एका वळणावर ओढा पार कोरडा होता. होडी वाळूवरून रेटताना त्याला स्वतःच्या धापेशिवाय काही ऐकू येत नव्हतं. मग नदी दिसली, लाँचही दिसली.

"पोचलो गं! लाँच आहे अजून!"

शिवी आली नाही.

तो वळला. कटोरा तिच्या हातात तसाच होता. टबातले मासे वर येऊन तोंडं उघडत-मिटत होते.

अमारोनं लाँच काठाला लावली. "काय रे, वहिनी कशी आहे?"

सिल्वेरियोनं तिच्या बोटांतून कटोरा सोडवला, नदीत बुडवला, टबात ओतला. पुन्हा बुडवला, पुन्हा ओतला.

अमारोनं टोपी काढली. "राहू दे आता, सिल्वेरियो."

"मरतील ते," सिल्वेरियो म्हणाला, आणि ओतत राहिला.