चिनी विचारवंताचा फळा

मी ढाणकीच्या बाजार चौकातला जुना काळा फळा. रंग उडाला, एक कोपरा वाळवीनं खाल्ला, तरी उभा आहो. मित्रांनो, आज मी रागात आहो. गोड बोलणं जमणार नाही.

लोहारा गावच्या कारखान्यात फेकलेल्या लाकडी खोक्यांच्या फळ्यांतून सुतारानं मले बनवलं. बाजूलेच वामनभाऊचं झेरॉक्सचं दुकान. दहा वर्षं त्यानं रोज सकाळी माझ्यावर एक विचार लिहिला. विचार त्याच्याच डोक्यातला. पण खाली नाव कधी ग्रीक साधूचं, कधी नुसतं 'चिनी विचारवंत'. गावातल्या माणसाचं गाव ऐकत नाही, हे त्याले पक्कं माहीत.

दिवाळीत त्यानं लिहिलं, "शेजाऱ्याचं भांडण कान देऊन ऐकणारा माणूस आपल्या घरात बहिरा असते." खाली चिनी विचारवंत. सोयाबीनचे व्यापारी बबनराव थांबले, फोटो काढला, स्टेटसले ठेवला. पोरीच्या साखरपुड्यात तेच माइकवर बोलून टाळ्याही घेतल्या. वामनभाऊ तिथंच पंगतीत वरण वाढून राह्यला होता.

त्याची बायको कुंदा चिडली. म्हणे, एकदा तरी आपलं नाव टाका, आपल्या गुंजनले समजू द्या बापाच्या डोक्यात काय आहे ते.

मागच्या सोमवारी त्यानं तोच विचार लिहिला. खाली लिहिलं, वामन. त्या तीन अक्षरांत खडू दोनदा तुटला.

बबनराव आले, वाचलं, लाल झाले.

"वामन्या, हा टोमणा कोणाले मारून राह्यला बे?"

"भाऊ, तुम्हीच तर साखरपुड्यात म्हटलता."

"तो चिनी माणसाचा होता."

"तो चिनी मीच."

"तू कधी गेलता रे चीनले?"

सारा चौक हसला. बबनरावांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं मले पुसलं, नावासकट. दहा वर्षांत हजारदा पुसल्या गेलो, पण असं अंग कधी जळलं नव्हतं.

वामनभाऊनं खडूचा डबा त्यांच्या हातात ठेवला. "उद्यापासून तुम्ही लिहा," म्हणाला, अन् दुकानात गेला.

मित्रांनो, मले ओल्या फडक्यानं पुसा, उन्हात ठेवा, माझी तक्रार नाही. पण खालचं नाव पाहून वरचं खरं-खोटं ठरवू नका. लिहिणारा माणूस लाकडाचा नसते.

मंगळवारी बबनराव कडक इस्त्री करून आले. वळणदार अक्षरात तारीख लिहिली, वार लिहिला. मग खडू धरून उभेच राह्यले. लोकं जमले. शेवटी खिशातला बंद फोन कानाले लावून निघून गेले.

आज शनिवार आहे. माझ्यावर अजून मंगळवारच आहे.