इनॉकचा उजवा हात

इनॉक हार्डकासल इंग्लंडकडून फिरकी टाकायचा आणि यॉर्कशरच्या गुत्त्यांत मारामाऱ्या करायचा. पण मारायचा फक्त डाव्या हाताने. खाणीतल्या धटिंगणांची नाकं फोडतानाही उजवा हात पाठीमागे असायचा. चेंडू वळवणारी ती बोटं तो जिवापाड जपायचा.

त्या दिवशी ड्रेसिंग रूममध्ये कॅप्टन हसत म्हणाला, "म्हाताऱ्या, इंग्लंडच्या संघातून तुला कायमचं काढलंय. आता घरी कोंबड्या पाळ!"

इनॉकने त्याच्या थोबाडावर असा ठोसा हाणला की दात तुटून रक्ताची चिळकांडी उडाली. पण कॅप्टनकडे कुणी बघेचना.

"गाढवा, उजव्याने मारलंस?" यष्टिरक्षक ओरडला.

इनॉकने सुजत चाललेल्या बोटांकडे पाहिलं.

"आता जपू कशासाठी?" म्हणाला, आणि तोच हात पुन्हा उगारला.