फुलीचं बटण

"आल्या माझ्या सासूबाई!" आई म्हणाली. लेकीने तिच्या हातातली शिवण ओढून उलटसुलट करून बघितली होती. "काढा खोड्या, काढा."

"तूच शिकवलंस ना, वाकडं दिसलं की उसवायचं म्हणून?"

"शिकवलं खरं. आता भोगते." दाताने दोरा तोडत आई हसली आणि छावणीत मापं घ्यायला गेली.

शहर परक्यांच्या ताब्यात गेल्यापासून आईच्या शिवणाच्या दुकानात त्या परक्या सैनिकांचेच गणवेश जास्त असत. शेजारपाजारचे नाकं मुरडत. लेकीलाही ते सलायचं. कोपऱ्यात इस्त्री करणारे काका तेवढे म्हणत, "पोटाला काय कळतंय, कापड कुणाचं ते!"

संध्याकाळी झाडलोट करताना खुंटीवरच्या एका कोटाचं दुसरं बटण तिला खटकलं. चार भोकांतून आई दोरा नेहमी दोन सरळ रेघांत घ्यायची. इथे फुली पडली होती. आईची नजर अधू होत चालली की काय, या विचाराने तिला भरून आलं. तिने ते उसवून नीट लावलं आणि आईला वाईट वाटेल म्हणून त्याबद्दल बोलली नाही.

सकाळी एक अनोळखी माणूस "मामाचा कोट न्यायचाय" म्हणत आला. आई तेव्हा एका अधिकाऱ्याच्या अंगावरच्या गणवेशाला टाचण्या लावत होती. मान न वळवता म्हणाली, "खुंटीवर आहे, घ्या ओळखून."

त्याने एकेका कोटाचं दुसरं बटण अंगठ्याने चाचपलं. मग पुन्हा पहिल्यापासून. आरशातून अधिकारी ते बघत होता.

कोटांची अस्तरं फाडली गेली. एकातून खोटे परवाने पडले, लपून राहिलेल्यांना सीमेपार नेणारे. आईने त्या कोटाचं बटण पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं.

"तिला काय विचारता?" ती अधिकाऱ्याला म्हणाली. "धड बटण लावता येत नाही त्या पोरीला."

आईला आणि त्या माणसाला घेऊन गेले. दोघंही परत आली नाहीत.

गल्लीला फितूर हवा होता, आणि काका नेमके त्या सकाळी उशिरा आले होते. लोकांनी त्यांच्याकडे कपडे टाकणं बंद केलं. नळावर त्यांच्या बायकोशी कुणी बोलेना. तरी काका दुकान उघडायच्या आत लेकीसाठी इस्त्रीचे कोळसे आणून ठेवत. ती मान खाली घालून ते घेई.

लढाई संपली. परके गेले. दुकानाच्या भिंतीवर आईच्या नावाची पाटी लागली तेव्हा सगळी गल्ली जमली. मास्तर भाषणाच्या भरात म्हणाले, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ!" माना मागे वळल्या.

"आलाय बघा तोंड वर करून," कुणीतरी पुटपुटलं.

सगळ्यांत मागे उभे असलेले काका चपला शोधू लागले.

"काका, थांबा." लेकीचा आवाज तिलाच परका वाटला. मास्तरांनी तिला पाणी देऊ केलं. तिने ते घेतलं नाही.

"कुणी फितुरी केली नाही. त्या कोटाला खुणेसाठी आईने बटण फुलीने लावलं होतं. चुकलंय समजून मी ते उसवलं. त्या माणसाला खूण सापडली नाही, म्हणून ती दोघं पकडली गेली. मला त्याच सकाळी कळलं होतं, काका. लोक तुम्हाला नावं ठेवत राहिले, आणि मी गप्प बसले."