चांदीवर नारिंगी

चांदीला स्वतःचं असं मत नसतं. समोर जे दिसेल त्याचा रंग अंगावर घ्यायचा आणि मोकळं व्हायचं. जुन्या नाण्यांचे फोटो काढायचे म्हणजे या लाडावलेल्या धातूची मनधरणी करत बसायचं, आणि ती मी घराच्या मागच्या खोलीत रोज करते.

त्या दिवशी सकाळी नाणेवाल्या काकांचा फोन आला. काका नाणी विकतात, मी त्यांच्यासाठी फोटो काढते. लोक फोटो बघून नाणं मागवतात, म्हणून फोटोतला रंग आणि हातातला रंग एकच असावा लागतो.

"अगं, आणखी एक नाणं परत आलं," काका म्हणाले. "फोटोत कडेला पिकल्या जर्दाळूसारखं आणि हातात पांढरं फटक. गिऱ्हाईक म्हणतंय, कॉम्प्युटरवर रंगवलंत."

"काका, मी एका ठिपक्यालाही हात लावलेला नाही."

"माझा आहे गं विश्वास. पण आज ते निळं नाणं पाठवतोय, संध्याकाळी परत हवंय. तेही बिघडलं तर मला दुसरं कुणी बघावं लागेल. राग मानू नकोस."

राग कसला, माझ्या पायाखालची वाळू सरकली. त्या निळ्या नाण्याबद्दल मी ऐकून होते. वर्षानुवर्षं कागदात गुंडाळून राहिल्यानं त्याच्यावर निळी-जांभळी झाक चढली होती आणि त्याचं सगळं मोल त्या झाकेतच होतं. जुन्या चांदीवर असे रंग चढतात. म्हणून तर आधीच्या नाण्यांवरचा जर्दाळू रंगही मला नाण्याचाच वाटला होता. वर मी काकांना सांगितलंही होतं, बघा किती सुंदर झाक आलीय. शहाणीच मी.

नाणं दुपारी आलं. दिवे बदलले, भिंग पुसलं, कॅमेऱ्याला चार शब्द सुनावले. तरी स्क्रीनवर निळ्याच्या कडेला नारिंगी चंद्रकोर ती आहेच. तेवढ्यात टेबलापलीकडे बसलेले माझे बाबा पाणी प्यायला उठले आणि चंद्रकोर गेली. बाबा परत येऊन बसले. चंद्रकोर उगवली.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

आई गेल्यापासून बाबा खोलीबाहेर येईनासे झाले होते. जेवायला हाक मारली की "ठेव तिथेच". मग गेल्या महिन्यात एक दिवस आपण होऊन आले, माझ्या टेबलापलीकडच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "काय करतेस बघू." तेव्हापासून दिवसभर तिथेच, अंगात आईनं विणलेला भडक नारिंगी स्वेटर. हा स्वेटर म्हणजे आमच्या घरातली जुनी थट्टा. धाकटा भाऊ म्हणायचा, बाबा, तो घालून गच्चीवर जाऊ नका, विमान उतरेल. आई म्हणायची, "असू दे, गर्दीत माणूस सापडतो तरी."

आता यांना उठा कसं म्हणू? उठले तर खोलीत जातील आणि दार लावून घेतील. स्वेटर काढा म्हणायला तर जीभच रेटेना. मी गुपचूप मधे एक काळा पुठ्ठा उभा केला. बाबांना नाणं दिसेना, तर ते पुठ्ठ्याच्या डावीकडून डोकावले. पुठ्ठा सरकवला, उजवीकडून डोकावले. एरवी मी हसले असते. त्या दिवशी माझा पारा चढला.

"बाबा, तुमच्या स्वेटरचा रंग नाण्यात येतोय! सगळे फोटो वाया गेले माझे त्यापायी. व्हा ना जरा बाजूला!"

बाबांनी खाली मान घालून स्वेटरकडे बघितलं. "हो का," म्हणाले, उठले आणि गेले. त्यांच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला.

नाणं आता स्वच्छ निळं दिसत होतं. फक्त बटण दाबायचं होतं आणि माझा हात उठेना. मला स्वतःचा इतका संताप आला की रडूच फुटलं.

नाक पुसत होते तेवढ्यात दार वाजलं. बाबा आले. स्वेटर अंगात तसाच होता आणि हातात त्यांची मोठी काळी छत्री. स्टुलावर बसले, खटकन छत्री उघडली आणि ढालीसारखी समोर धरून तिच्यामागे गडप झाले.

"आता येतो का मी त्यात?" छत्री म्हणाली.

"कोपर दिसतंय."

कोपर आत गेलं. स्क्रीनवर नारिंगी मावळला. निळा, त्याच्या आत जांभळा, आणि अगदी कडेला मला आधी दिसलाच नव्हता असा बारीक हिरवा. मी बटण दाबलं.

आठवड्यानं काकांचा फोन आला. गिऱ्हाईकानं नाणं ठेवून घेतलं होतं, हातातलं आणि फोटोतलं तंतोतंत जुळलं म्हणालं. "केलंस तरी काय?" काकांनी विचारलं. मी म्हटलं, मदतनीस ठेवलाय, फार डोकावतो, पण चालवून घेते. छत्रीमागून खाकरल्याचा आवाज आला.

फोन ठेवल्यावर बाबांनी छत्री मिटली. "ते आधीचे बिघडलेले फोटो टाकून दिलेस?"

"नाही अजून."

"दाखव बघू."

मी एक उघडला. पांढऱ्या नाण्याच्या कडेला ती भडक नारिंगी चंद्रकोर. बाबा खूप वेळ बघत राहिले. मग स्वेटरची बाही पुढे ओढून त्यांनी स्क्रीनला लावली, एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे.

"हा रंग मात्र तू अगदी बरोबर पकडलास," ते म्हणाले. "हा राहू दे."