मॅकचा हट्ट

वहिनीने कॉपी करायची नेहमीची दोन बटणं दाबली. काहीच झालं नाही. तिने पुन्हा दाबली, जरा जोरात.

"अगं, मॅकवर कंट्रोल नाही, कमांडचं बटण," शेजारच्या टेबलावरून नणंद म्हणाली. "होईल बोटांना सवय."

"बोटांना वीस वर्षांची सवय आहे, ती कुठे ठेवू?"

दोघींचा डिझाइनचा स्टुडिओ म्हणजे घराचीच पुढची खोली. विंडोजचं जुनं मशीन वहिनीचं. साबणाच्या वेष्टनांपासून औषधांच्या खोक्यांपर्यंत सगळं तिने त्यावर केलं होतं, आणि धाकट्या नणंदेला हाताशी धरून शिकवलंही त्याच्यावरच. आता तीच नणंद वापरून बघायला म्हणून कुणाकडून तरी मॅक मागून घेऊन आली होती. एकच धोशा: मॅकवर रंग खरे दिसतात, सगळं काम तिकडे नेऊ.

रंग! वहिनीला कुणी रंग शिकवावेत, म्हणजे फारच झालं. पाणी कुठेतरी मुरत होतं. जिथे आपली बोटं अडखळतात त्याच मशीनवर सगळं काम न्यायची घाई कुणाला असणार? जिला आपल्याला खुर्चीवरून उठवायचंय तिला. शिकवलेली पोर एक दिवस डोक्यावर मिरे वाटणार, ही तर जगरहाटीच. तरी वहिनीला ते लागलं.

आणखी एक गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. ती एखादी फाइल पुरी करून ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी त्या फाइलवर बदलाची नवीच वेळ दिसायची. हल्ली ती प्रत्येक फाइलची एक प्रत गुपचूप पेनड्राइव्हवर ठेवत होती.

नणंद छापखान्यात गेली तसं वहिनीने दार लोटून घेतलं. साबणाच्या वेष्टनाची आपली प्रत आणि छपाईला गेलेली फाइल, दोन्ही तिने जुन्या मशीनवरच शेजारी शेजारी उघडल्या. अक्षरं तीच. कडा त्याच. पानांची वेल केसभरही हललेली नव्हती. मग हिने हात लावला तरी कशाला? चोर सापडला होता, चोरी सापडत नव्हती.

तेवढ्यात सासूबाई कात्री शोधत आत आल्या. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना भिंतीवरची मुंगीसुद्धा दिसायची, आणि त्या ती सगळ्यांना दाखवायच्या.

"आई, या दोन्हींत काही फरक दिसतो का हो?"

"दिसतो की. ही पानं हिरवी, ही निळी. निळी कशाला केलीस गं? पानं कधी निळी असतात?"

"कुठली निळी?"

सासूबाईंनी बोट ठेवलं. बोट वहिनीच्या प्रतीवर होतं.

कात्री घेऊन त्या निघून गेल्या. वहिनी स्क्रीनच्या अगदी जवळ गेली, मग लांब सरकली. आधी एक डोळा झाकला, मग दुसरा. तिला दोन्हीकडे हिरवीच पानं दिसत होती.

नणंद परतली तेव्हा दोन्ही वेष्टनं तशीच उघडी होती. ती दारातच थांबली.

"वहिनी, अगं, तुझ्या मशीनवर रंग जरा..."

"दोन्ही माझ्याच मशीनवर आहेत."

नणंदेने पर्स खाली ठेवली.

"कधीपासून दुरुस्त करतेस?" वहिनीने विचारलं.

"झाले बरेच महिने." नणंद म्हणाली. "वाटलं, चांगल्या स्क्रीनवर तुझं तुलाच दिसेल. मला नाही गं सांगवलं. रंग तूच तर शिकवलेस मला."

किती दिवस आपण हिच्या वाईटावर होतो, या विचाराने वहिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती उठून खिडकीशी गेली. उजेडात हात धरून अंगातल्या स्वेटरच्या बाहीकडे ती बघत राहिली.

"हा काळाच आहे ना?"

नणंद जवळ आली. तिने बाही दोन बोटांत धरली आणि धरूनच ठेवली.

"निळा आहे, वहिनी," ती म्हणाली.